विभक्त दांपत्य आणि घरखर्चाचा हिशेब



नवराबायको एका छपराखाली नांदत असतात तोवर घरातील पैशाचा काटेकोर हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. वाणसामान कोणी आणले, घरपट्टी कोणी भरली, मुलीची फी कोणाच्या पगारातून गेली, ह्या गोष्टी त्या त्या दिवशी होऊन जातात आणि विसरल्या जातात. असा हिशेब न ठेवणे हीच पुष्कळ घरांत परस्परविश्वासाची खूण समजली जाते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु काही घरांच्या दैवात निराळेच असते. उभयतांचे पटेनासे होते, दोघांपैकी एकजण आपले बिऱ्हाड दुसरीकडे नेतो, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कर्जाचा हप्ता, विजेचे बिल व सोसायटीची वर्गणी पूर्वीच्याच रकमेने दाराशी येऊन उभी राहतात. चुली दोन झाल्या तरी कर्ज एकच राहते. मग "मी त्या घरात राहत नाही, मी का भरू?" असे एकजण विचारतो, आणि "घर दोघांच्या नावावर आहे, मी एकटीने का भरावे?" असे दुसरी विचारते. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणूनच रागाच्या भरात त्यांचे उत्तर सापडत नाही.

विभक्त होणे चांगले की वाईट, ह्याची चर्चा मला आज करावयाची नाही. तो ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न आहे. आपल्या समाजात ही गोष्ट अगदी कालपरवाची आहे असेही नव्हे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, हिंदूंना घटस्फोटाची वाट मोकळी करून देणारा कायदा झाला होता. सबंध देशासाठीचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९५५ साली आला. कायद्याने वाट दिली. पण त्या वाटेवरून जाताना घरखर्चाचे ओझे कोणी किती उचलावे, हे उभयतांना पुष्कळदा ठाऊक नसते. त्यापायी होणारी भांडणे मूळच्या भांडणाहूनही कडू होतात आणि त्यांची झळ लेकरांना लागते. म्हणून आज ह्या हिशेबाचाच विचार करू.

एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. विभक्त होणाऱ्या दांपत्याचा घरखर्च हा एक हिशेब नसून ते तीन निरनिराळे हिशेब आहेत. पहिला बाहेरच्या देण्याचा : बँक, सोसायटी, नगरपालिका, वीजमंडळी ह्यांचे काय देणे आहे. दुसरा मालकीचा : घर व घरातील चीजवस्तू कोणाची, आणि किती हिश्शाने. तिसरा उदरनिर्वाहाचा : मिळवता जोडीदार न मिळवत्या किंवा कमी मिळवत्या जोडीदाराला, आणि आईबाप मुलांना, काय देणे लागतात. एकत्र नांदताना हे तिन्ही हिशेब एकाच वहीत असतात आणि ते बरोबरच असते. विभक्त होताना मात्र वह्या तीन कराव्या लागतात. "मी हप्ते भरतो, मग पोटगी कसली?" हे वाक्य पहिला आणि तिसरा हिशेब एकत्र केल्याने तोंडून निघते. "मी ह्या घरात राहते, म्हणून घर माझे," ह्या वाक्यात दुसरा आणि तिसरा एकत्र झालेले असतात.

पहिला हिशेब घेऊ. बँकेच्या कर्जरोख्यावर पतिपत्नी दोघांच्याही सह्या असल्या, तर कायद्याच्या दृष्टीने ते दोघे मिळून आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे संपूर्ण कर्जाचे देणेकरी असतात. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या त्रेचाळिसाव्या कलमान्वये, निराळे ठरलेले नसेल तर, धनको संयुक्त ऋणकोंपैकी कोणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकतो. ज्याने ती भरली त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा हिस्सा वसूल करावा, आणि निराळा करार नसल्यास तो हिस्सा बरोबरीचा धरला जातो. ह्याचा व्यवहारातील अर्थ असा की, तुमच्या दोघांत काय ठरले, घर कोणी सोडले, दोष कोणाचा, ह्याच्याशी बँकेला कर्तव्य नाही. तिला फक्त सह्या दिसतात. "ह्यापुढचे हप्ते ती भरील" असा कागद दोघांनी केला, नव्हे, तशी अट न्यायालयाच्या हुकुमनाम्यात घातली, तरी बँकेने स्वतः संमती देऊन एकाचे नाव कमी केल्याखेरीज तो सहकर्जदार मोकळा होत नाही. हप्ते थकले तर दोघांचीही पत खालावते, आणि पुढे दुसरे कर्ज मागावयास गेल्यावर ही गोष्ट दोघांच्याही आड येते. यास्तव रागाने हप्ता बंद करणे म्हणजे दुसऱ्याला शिक्षा करण्यासाठी आपलेच धान्य जाळणे होय. आधी हप्ता भरावा आणि तो कोणाच्या खाती मांडावयाचा ह्याचा वाद नंतर घालावा, हेच शहाणपण.

दुसरा हिशेब मालकीचा. येथे आपण कोठे राहतो ह्याला महत्त्व आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, अथवा महाराष्ट्रातील कोणतेही गाव घेतले, तर तेथील हिंदू दांपत्यांना जो कायदा लागू आहे त्यात लग्नामुळे पतिपत्नीची मालमत्ता आपोआप समाईक होत नाही. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशाने घेतली त्याची ती. घर दोघांच्या नावे असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या, म्हणजे १८८२ सालच्या कायद्याच्या, पंचेचाळिसाव्या कलमाचा आधार घ्यावा लागतो. उलट करार नसेल, तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती घातला ह्याचा पुरावाच नसेल, तर हिस्से समान धरले जातात. म्हणून घर घेताना पहिली रक्कम कोणाच्या खात्यातून गेली, हे दाखविणारे जुने कागद विभक्त होण्याच्या वेळी सोन्याच्या मोलाचे ठरतात.

येथे सोन्याचीच गोष्ट निघाली. पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत पहिली रक्कम उभी राहिली ती बायकोचे दागिने मोडून किंवा गहाण टाकून. ते दागिने स्त्रीधन होते. स्त्रीधनावर पतीचा मालकी हक्क नाही, ते पतिपत्नीची समाईक मालमत्ताही नव्हे, आणि अडचणीत पतीने ते वापरले तर परत करण्याचे बंधन त्याच्यावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालच्या प्रतिभा राणी खटल्यापासून २०२४ सालच्या एका निकालापर्यंत वारंवार स्पष्ट केले आहे. तेव्हा दागिन्यांचे जे पैसे घरात गेले, त्यांची नोंद मालकीच्या वहीत पत्नीच्या बाजूस झाली पाहिजे. याउलट लग्नाच्या वेळी दोघांना मिळून जे आहेर आले, त्या समाईक वस्तूंसंबंधी घटस्फोटाच्या हुकुमनाम्यातच निर्णय देण्याचा अधिकार हिंदू विवाह कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने न्यायालयाला दिला आहे.

परंतु जिने बाहेर नोकरी केली नाही, दागिनेही मोडले नाहीत, पण वीस वर्षे घर चालविले, तिचे काय? मालकीच्या वहीत तिच्या नावावर एक पैसाही दिसत नाही. आपल्या कायद्यातील ही मोठीच उणीव आहे. तिच्याकडे न्यायालयांचे लक्ष आता वळू लागले आहे. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये असे म्हटले की, पत्नीने घर सांभाळले म्हणूनच पती बाहेर मिळवू शकला. तेव्हा त्या मिळकतीतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. हा एका उच्च न्यायालयाचा निकाल आहे, सबंध देशाचा कायदा नव्हे. पण वारा कोणत्या दिशेने वाहत आहे हे त्यावरून कळते. तोपर्यंत अशा गृहिणीला मुख्य आधार आहे तो तिसऱ्या वहीचा, म्हणजे निर्वाहाचा.

गोमंतकातील श्रोत्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे १८६७ सालच्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिली. आज २०१२ साली विधानसभेने केलेल्या वारसाविषयक कायद्यातही ती दिसते. लग्नापूर्वी निराळा करार केला नसेल, तर सर्वसाधारणपणे पतिपत्नीची मालमत्ता समाईक होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. मग घर कोणाच्याही पगारातून आलेले असो. गोव्यातील गृहिणीला ह्याचा मोठा आधार आहे. पण ह्याच नाण्याची दुसरी बाजू अशी की, नुसते वेगळे बिऱ्हाड केल्याने ही समाईकी संपत नाही. त्यासाठी न्यायालयाचा निर्णय लागतो. तो होईपर्यंत कोणा एकाने स्थावर विकावयाचे म्हटले तरी दुसऱ्याची संमती लागते. गोव्याचे रहिवासी असलेल्यांनी मुंबईस किंवा बेळगावास घर घेतले, तर त्यालाही वारशाच्या बाबतीत गोव्याचाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले आहे. तेव्हा मामेबहिणीने इंदुरास काय केले, हे पाहून म्हापशाच्या बाईने आपला हिशेब करू नये.

आता तिसरा हिशेब, निर्वाहाचा. ह्यासाठी कायद्याच्या वाटा अनेक आहेत. पत्नी, मुले आणि आईबाप ह्यांच्या पोषणासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे एकशे पंचविसावे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या एकशे चव्वेचाळिसाव्या कलमाने घेतली आहे. ही वाट कोणत्याही धर्माच्या पत्नीला खुली आहे. तेलंगणातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा हक्क असल्याचे सांगितले, आणि त्याच निकालात, पतीने गृहिणीला संयुक्त खात्यातून पैसे काढण्याची मुभा ठेवावी, अशी समजही दिली. हिंदू विवाह कायद्याच्या चोविसाव्या कलमान्वये खटला चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते, आणि ती केवळ पत्नीलाच नव्हे, गरजू पतीलाही मागता येते. पंचविसाव्या कलमात कायम पोटगीची तरतूद आहे. मुलांचे पोषण हे आईबाप दोघांचेही कर्तव्य आहे. १९५६ सालच्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या विसाव्या कलमात बापाबरोबर आईचाही स्पष्ट उल्लेख आहे.

पत्नी अगदी निष्कांचन झाली तरच तिला पोटगी मिळते, असाही एक गैरसमज आहे. मध्य प्रदेशातून आलेल्या २००७ सालच्या चतुर्भुज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, थोडेबहुत मिळवते म्हणून पत्नीचा हक्क बुडत नाही. पतीच्या घरी ती ज्या रीतीने राहत होती, साधारण त्याच रीतीने तिला राहता येते की नाही, हे पाहावयाचे. त्यानंतर नागपूरच्या एका कौटुंबिक खटल्यातून निघालेला, ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल तर प्रत्येक विभक्त दांपत्याने माहीत करून घ्यावा असा आहे. त्यात तीन गोष्टी ठरल्या. एक, पतिपत्नी दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी ह्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. दोन, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजावी. तीन, निरनिराळ्या कायद्यांखाली रकमा मंजूर झाल्या, तर आधीची रक्कम नंतरच्या हुकुमात जमेस धरावी. म्हणजे एकच गोष्ट दोनदा मोजू नये. हे तिसरे सूत्र न्यायालयातच नव्हे, घरी बसून हिशेब करतानाही उपयोगी आहे.

राहत्या जागेचा हक्क हाही ह्याच वहीत येतो. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या सतराव्या कलमाने स्त्रीला, घर तिच्या नावावर असो वा नसो, सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचे असले तरी सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि मालकी नाही म्हणून घराबाहेर काढता येते असेही नव्हे. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या म्हणजे अर्धी भांडणे मिटतात.

आता हे सारे एका उदाहरणावर घासून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे आपल्या ओळखीच्या घरांतले आहेत. समजा, इंदुरातील एका दांपत्याचे ६० लाखांचे घर आहे. दोघांच्या नावे, निम्म्यानिम्म्या हिश्शाने. त्यावर ३० लाखांचे कर्ज शिल्लक असून महिन्याचा हप्ता ३० हजार रुपये आहे. पतीचा पगार ७० हजार, पत्नीचा ३० हजार. शाळेत जाणारी एक मुलगी आहे. पती भाड्याच्या खोलीत गेला. आई आणि मुलगी घरात राहिल्या.

पहिल्या वहीत हप्ता दोघांचा, म्हणून प्रत्येकाच्या नावे १५ हजार. घरपट्टी महिन्यास सरासरी हजार रुपये पडते. ती मालकीबरोबर येणारी, म्हणून पाचपाचशे. सोसायटीची ३ हजारांची वर्गणी आणि विजेचे दीड हजार हे राहण्याचे खर्च, म्हणून राहणाऱ्याचे. मात्र सोसायटीने इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम मागितली, तर ती घराची किंमत राखण्यासाठी असते. ती दोन्ही मालकांनी द्यावी. एवढेच केले तर पत्नीच्या ३० हजारांतून २० हजार जातात, आणि मायलेकींना महिना काढण्यास १० हजार उरतात. पतीच्या हाती ५४ हजार ५०० राहतात. पहिली वही चोख आहे, पण निकाल न्याय्य नाही. कारण तिसरी वही अजून उघडलेलीच नाही.

ती उघडू. मुलीची फी, जेवणखाण, कपडे व औषधे मिळून महिन्यास १५ हजार धरू आणि ते उभयतांच्या पगाराच्या प्रमाणात वाटू. म्हणजे बापाचे साडेदहा हजार, आईचे साडेचार हजार. शिवाय असे ठरवू की, पत्नीच्या वाट्याचा १५ हजारांचा हप्ताही तूर्त पतीने भरावा, आणि ती रक्कम पत्नीची पोटगी समजावी. आता पतीच्या हाती २९ हजार राहतात, त्यांतून त्याला खोलीभाडे द्यावयाचे आहे. पत्नीच्या हाती साडेवीस हजार राहतात, पण तिला भाडे नाही. दोघांची ओढाताण होतेच. एका संसाराच्या मिळकतीत दोन संसार चालवावयाचे म्हटले की ती चुकत नाही. पण कोणाच्याही पाठीवर दोघांचे ओझे पडले नाही.

ह्या घराला महिना २० हजार भाडे आले असते असे धरले, तर पतीच्या निम्म्या हिश्शाचा उपभोग, म्हणजे १० हजारांचा, पत्नी व मुलगी घेत आहेत असे पती म्हणू शकेल. म्हणणे खोटे नाही. त्याचे उत्तर असे की, मुलीला छप्पर देणे हेही बापाचे देणे आहे. तेव्हा मुलगी त्या घरात आहे तोवर ह्या १० हजारांचा दावा सोडून द्यावा, आणि सोडला असे लिहावे. निराळ्या दांपत्याचे उत्तर निराळे होईल. उत्तर कोणतेही असो, ते लिहिलेले असावे.

लिहिण्यावर मी एवढा भर का देतो, ते पुढच्या आकड्यांवरून कळेल. दोन वर्षांनी ते घर ६० लाखांनाच विकले असे समजा. कर्जाच्या आरंभीच्या व मधल्या काळात हप्त्यातील मोठा भाग व्याजाचा असतो. आपल्या उदाहरणात सालिना साडेआठ टक्क्यांनी ३० हजारांतील २१ हजारांहून अधिक रक्कम प्रथम व्याजातच जाते. त्यामुळे दोन वर्षांत मुद्दल फिटेल ते सुमारे सव्वादोन लाख. बँकेचे पावणेअठ्ठावीस लाख देऊन सव्वाबत्तीस लाख उरतील, आणि प्रत्येकाच्या वाट्यास १६ लाख १२ हजार ५०० रुपये येतील. त्या वेळी पती म्हणेल, "चोवीस महिने तुझा हप्ता मी भरला, ते ३ लाख ६० हजार माझे मला दे." ही रक्कम उसनी धरली, तर पत्नीचा वाटा साडेबारा लाखांवर येतो आणि पतीचा पावणेवीस लाखांच्या जवळ जातो. ती पोटगी होती असे धरले, तर वाटे समान राहतात. तोच पैसा, त्याच पावत्या. पण "हे हप्ते पत्नीच्या पोटगीदाखल भरले जात आहेत" हे एक वाक्य दोन वर्षांपूर्वी लिहिले नाही, म्हणून ३ लाख ६० हजारांचा वाद उभा राहतो. उलट बाजूनेही हे खरे आहे. पतीने निमूटपणे हप्ते भरले आणि पत्नीने "मला पोटगीचा पैसाही मिळाला नाही" असा अर्ज केला, तर त्यालाही हेच वाक्य वाचविते. आपण होऊन मालमत्तेसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते पोटगी ठरविताना उत्पन्नातून वजा करू देण्यास न्यायालये सहसा राजी नसतात, हेही मिळवत्या जोडीदाराने विसरू नये.

मग विभक्त होताना पहिल्या महिन्यात काय करावे? बिऱ्हाड हलविल्याची तारीख लिहून ठेवावी. पुढचे सर्व हिशेब त्या तारखेपासून सुरू होतात. त्या दिवशी कर्ज किती शिल्लक होते ह्याचा बँकेचा दाखला आणि संयुक्त खात्याचा उतारा दोघांनीही घ्यावा. संयुक्त खात्यातून कोणीही एकटा पैसे काढू शकत असेल, तर ह्यापुढे दोघांच्या सह्यांनीच पैसे निघावेत असे बँकेला लेखी कळवावे. पण त्या खात्यातून हप्ता जात असेल, तर दोघांनी आपापला हिस्सा त्यात वेळेवर टाकावा. ठरलेले पैसे हातावर ठेवू नयेत. खात्यातून खात्यात जावेत, आणि ते कशासाठी ह्याची नोंद व्हावी. मुलीची शाळा, घराचा विमा आणि औषधोपचाराचा विमा ह्यांत खंड पडू देऊ नये. रागाने बंद केलेला विमा आजारपणात दोघांनाही रडवितो.

पुढे परस्परसंमतीने घटस्फोट घ्यावयाचे ठरले, तर हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब ह्या कलमान्वये त्याआधी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. ह्या वर्षातच तीन वह्या पुऱ्या करून घ्याव्या. घर विकावयाचे, की एकाने दुसऱ्याचा हिस्सा घ्यावयाचा, की मुलगी सज्ञान होईपर्यंत तसेच ठेवावयाचे, हे ठरवावे. एकाने हिस्सा सोडला, तर नुसत्या घरगुती कागदावर भागत नाही. स्थावरातील हक्क सोडण्यासाठी नोंदणी केलेला दस्त लागतो. बँकेला त्याच वेळी सांगून कर्ज एकाच्या नावावर करून घ्यावे. नाहीतर घर एकाचे आणि कर्ज दोघांचे अशी विचित्र स्थिती राहते, आणि दहा वर्षांनी, कदाचित दुसरा संसार मांडल्यावर, जुन्या घराच्या थकबाकीची नोटीस हाती पडते.

येथे कोणी म्हणेल की, ज्यांची मने फाटली त्यांना पैपैचा हिशेब करावयास सांगणे हा रुक्षपणा आहे. मला तसे वाटत नाही. मने जुळलेली असताना हिशेब न ठेवला तरी चालतो, कारण उणेअधिक प्रेमाने भरून निघते. ती उणीव भरून काढणारे काही उरत नाही, तेव्हाच हिशेबाची गरज पडते. चोख हिशेबामुळे दुसऱ्याच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण राहत नाही. ज्या बाईने मिळवले नाही तिच्या वीस वर्षांची दखल घेतली जाते. जो पुरुष मुकाट्याने दोन घरांचा भार वाहतो त्याच्या श्रमाचीही घेतली जाते. आणि ज्या मुलीने ह्यांतले काहीच केलेले नसते, तिच्या शाळेची फी दर महिन्याला वेळेवर भरली जाते. आईबाप वेगळे राहतात हे तिला एक ना एक दिवस समजतेच. पण त्यांचे हप्त्यावरून आणि विजेच्या बिलावरून चाललेले भांडण तिच्या कानी पडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.